कारणाचा रकाना

चैताली टॅब माझ्या मांडीवर ठेवते: हा बघ.
करड्या दगडाचा ठोकळा,
पाच बाजूंनी गप्प,
सहाव्या बाजूला तोंड.
खटका ओढला की हा
तोंडासमोरच्या घरात आग लावतो.

मी दचकतो.
घर म्हणजे चौकोन, बाबा. घर नाही काही.

मूळ खेळात हा नसतो, ती सांगते,
कुणीतरी मागाहून जोडलाय.
मागाहून जोडलेलं म्हटलं की मला
मीटरच्या पेटीतून खेचलेली वायर दिसते,
चार बिऱ्हाडं, एक फ्यूज,
आणि फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार.

तिनं अख्खं भायखळा उभारलंय तिथे. लाकडाचं.
आपली क्वार्टर्स, केंद्राचा लाल दरवाजा,
घंटेच्या जागी भोपळा, कारण घंटा मिळाली नाही.
मी सवयीनं पाहणी करतो:
जिना एकच. गच्चीला कुलूप.
गल्लीत बंब वळणार नाही.
पाणी कुठून घेशील?
दोन बादल्या शेजारी शेजारी ओतायच्या, ती म्हणते,
मग पाणी कधीच संपत नाही.

कधीच?
कधीच.

हे आमच्या टँकरवाल्या शिंगोट्यांना सांगायला हवं.

आणि खरी गंमत पुढे आहे, बाबा:
खटका परत ओढला
की हाच ठोकळा स्वतःची आग गिळतो.
लावलेली आग परत घेतो.

मी म्हणतो, पुन्हा दाखव.
ती दाखवते.
पुन्हा.

तेवीस वर्षं अहवाल लिहितोय.
वर्दी किती वाजता, पोचलो किती वाजता,
होज किती, जेट किती, जखमी किती,
सगळ्यात शेवटी कारणाचा अरुंद रकाना.
त्यात तीन शब्दांहून जास्त मावत नाही.
बहुतेक वेळा दोनच लागतात: शॉर्ट सर्किट.
बहुतेक वेळा ते खरंही असतं.
रे रोडच्या वखारीत सागवान तीन रात्री धुमसत होतं,
मालक समोरच्या फुटपाथवर
बशीत ओतून चहा पीत होता,
एकदाही वर न बघता.
त्याच्याकडे बघत बघत मी लिहिलं: शॉर्ट सर्किट.
आमच्याकडच्या आगीला
अशी एक बाजू दाखवता येत नाही,
हे तोंड म्हणून.

तेवढ्यात खाली घंटा झाली. खरी.
भोपळ्याची नव्हे.
मी बूट शोधत असताना चैताली म्हणाली,
तू येईपर्यंत पेटतं ठेवू?
मी म्हटलं, बंद कर.
ती म्हणाली, आपण बघत नसलो ना
की तिथे वेळच जात नाही.
आग जिथल्या तिथे उभी राहते.

कुर्ल्याचं गोदाम होतं. चपला, फोम, चिकट डिंक.
तिथे वेळ जात होता.
आम्ही बघत नव्हतो त्या बाजूनं
जास्तच भराभर जात होता.

पहाटे आलो.
घरभर माझ्या अंगाचा जळका रबरी वास.
चैताली भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
टॅब उशीशी, चार्जरला लावलेला.
चार्जर मी आधी काढला. सांगून सांगून थकलोय.

मग तिचं भायखळा उघडलं.
ठोकळा पेटताच होता.
ज्वाळा दाराच्या चौकटीपाशी,
एका लाकडाच्या अंतरावर,
रात्रभर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

खटका ओढला.
विझली.
राख नाही. जिन्यातून वाहणारं काळं पाणी नाही.
भिजलेली गादी डोक्यावर घेतलेली बाई नाही.
खाली येऊन कुणी विचारलं नाही,
साहेब, आमचा मिठू पिंजऱ्यात राहिलाय, जाऊ का वर?

मला पटेना.

बंद दार उघडण्याआधी आम्ही
हाताची पालथी बाजू लावून बघतो,
आत काय आहे ते दार सांगतं.
तसा पालथा हात
मी काचेवर ठेवला.

कोमट होती.